पार्श्वभूमी : पश्चिम घाटातले ‘संवेदनशील’ म्हणजे नेमके काय?

इंग्रजी अमलातली सागवानाची तोड आणि पुढची धरणे हा घाटाचा जुना इतिहास. ‘संवेदनशील’ हा शिक्काही, म्हणजे खाणी-कारखान्यांसारख्या कामांवर निर्बंध आणणारा पर्यावरणीय दर्जा, नवा नाही. डहाणूला तो १९९१ मध्ये, महाबळेश्वर-पाचगणीला २००१ मध्ये, माथेरानला २००३ मध्ये लागला. मात्र सहा राज्यांतल्या सगळ्या घाटाचा प्रश्न २०१० नंतर ऐरणीवर आला.

केंद्र सरकारने नेमलेल्या पहिल्या, माधव गाडगीळ यांच्या तज्ज्ञगटाने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. माहिती अधिकाराची लढाई आणि न्यायालयाचा आदेश झाला, तेव्हा कुठे मे २०१२ मध्ये तो लोकांना वाचायला मिळाला. सगळा घाट संवेदनशील, फक्त निर्बंध तीन श्रेणींत कमी-जास्त, आणि अंतिम सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवायच्या, अशी त्याची मांडणी होती. पण अहवाल गावात पोचण्याआधी अफवा पोचल्या. शेती बंद होणार, घर बांधता येणार नाही, असे सांगितले गेले.

एप्रिल २०१३ मध्ये दुसऱ्या, के. कस्तुरीरंगन यांच्या गटाने घाटाचे दोन भाग केले : ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’. वस्ती, शेती, मळे असलेला सुमारे ६० टक्के भाग सांस्कृतिक ठरला आणि संरक्षणातून सुटला. उरलेल्यातून एकूण घाटाचा ३७ टक्के भाग संवेदनशील धरला गेला. बातम्यांत पहिल्या गटाच्या नावावर ६४ टक्के मांडून ‘६४ विरुद्ध ३७’ असा सामना रंगला, पण ही तुलनाच फसवी आहे. पहिल्याने घाट सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटर धरला होता, दुसऱ्याने १,६४,०००. त्यात दुसऱ्याने श्रेणीच काढून टाकल्या.

‘सांस्कृतिक’ हा शब्द ऐकायला गोड आहे. पण ओढा देवराईतून निघून भातखाचरात उतरतो. त्याचे दोन तुकडे कसे करायचे? माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) इथे कोसळले ते माणसे राहत होती तेच डोंगरउतार.

दोडामार्ग तालुका तर घनदाट जंगल असूनही दुसऱ्या यादीत आला नाही. त्याच तालुक्यात कळणे गावी लोहखनिजाची खाण आहे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली २५ गावे संवेदनशील जाहीर करा, असा आदेश मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयालाच द्यावा लागला.

दुसऱ्या अहवालावर बेतलेली केंद्राची पहिली प्रारूप अधिसूचना, म्हणजे हरकतींसाठी काढलेला कच्चा मसुदा, मार्च २०१४ ची. सहावी ३१ जुलै २०२४ ची, वायनाडच्या दरडींच्या दुसऱ्या दिवशीची. क्षेत्र तेच, सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचे १७,३४०. हरकतींसाठी पुन्हा ६० दिवस देण्यात आले.