जास्वंदीचं सरबत: ‘साखर घातली की टिकतं’ हे अर्धसत्य

पुण्यात उन्हाळा लागला की एक सल्ला हमखास ऐकू येतो: जास्वंदीच्या पाकळ्या, साखर आणि पाणी समप्रमाणात घ्या, बाटली वर्षभर ओट्यावर राहिली तरी काही होत नाही. हे चूक आहे.

अर्धा किलो साखर आणि अर्धा लिटर पाणी म्हणजे साखर 50 टक्के. एवढ्यात यीस्ट मजेत वाढतं. उकळताना ते मरतं, पण बाटली उघडली, चमचा गेला की पुन्हा शिरतं. मग काठाशी बारीक फेस धरतो, झाकण फिरवताच ‘फुस्स’ होतं, वास आंबूस येतो. असं सरबत सरळ ओतून द्या. वरचा फेस काढून पोरांना मुळीच देऊ नका.

टिकवायचं तर अर्धा लिटर पाण्याला एक किलो साखर हवी, म्हणजे साधारण 66 टक्के. यीस्टला लागणारं पाणीच साखर अडवून धरते. वर लिंबाचा रस घाला. आंबटपणाने टिकाऊपणा वाढतो, आणि पाकळ्यांचा जांभळट रंग क्षणात लालभडक होतो. तो रंग बघण्यासारखा असतो! तरीही बाटली फ्रिजमध्येच ठेवा.

फुलं रहदारीच्या रस्त्यालगतची किंवा फवारणी केलेली नकोत. आणि सोसायट्यांच्या कुंपणाला असते ती पिवळी बिट्टी चुकूनही घेऊ नका. तिचं विष हृदयावर घाला घालतं, आणि ते उकळून जात नाही.