पोलीस शिस्त आणि गैरवर्तनाची चौकशी (ग्रामीण विदर्भ)

पोलीस शिस्त : पोलीस दलातील माणसाला अधिकार कोण देतो, त्याने तो वाकडा वापरला तर काढून कोण घेतो आणि मधल्या काळात गावकऱ्याने दाद कुठे मागायची, याविषयीचे कायदे, नियम व रूढ प्रथा. या नोंदीत नागपूर व अमरावती महसूल विभागांतील अकरा जिल्ह्यांच्या ग्रामीण भागाचा विचार केला आहे. नागपूर व अमरावती या शहरांत पोलीस आयुक्तालये आहेत. बाकी ठिकाणी जिल्हा पोलीस अधीक्षक, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘एसपी साहेब’, हाच दलाचा प्रमुख असतो. शिस्तीच्या बाबतीत ठाण्यातील शिपाई, जमादार व उपनिरीक्षक यांची गाठ मुख्यत्वे त्याच्याशीच पडते.

विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला. त्यापूर्वी येथील पोलीस मध्य प्रांत व वऱ्हाडच्या व्यवस्थेत, १८६१ च्या पोलीस कायद्याखाली होते. पुढे १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम (आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम) इकडे लागू झाला. कायदा बदलला, पण ठाण्यातली बोली पूर्णपणे बदलली नाही. ठाण्याचा प्रमुख विदर्भात अजून ‘ठाणेदार’ असतो, अकस्मात मृत्यूची नोंद ‘मर्ग’ असते आणि ठाण्याची दैनंदिनी ‘रोजनामचा सान्हा’ किंवा नुसता ‘सान्हा’ असतो. तक्रारदाराने हे शब्द ओळखून ठेवलेले बरे, कारण पुढे चौकशी झाली तर ती याच वह्यांभोवती फिरते.

अमेरिकेतील बऱ्याच राज्यांत पोलिसाला काम करण्यासाठी वेगळ्या मंडळाचे प्रमाणपत्र लागते. ते रद्द झाले की त्या राज्यातील दुसऱ्या कोणत्याही पोलीस खात्यात त्याला नोकरी मिळत नाही. कॅलिफोर्नियाने अशी तरतूद २०२१ च्या कायद्याने केली. महाराष्ट्रात असे स्वतंत्र मंडळ नाही. प्रमाणपत्र मात्र आहे, आणि ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे निरीक्षक व त्याखालील प्रत्येक पोलिसाला नेमणुकीच्या वेळी ठरावीक नमुन्यातील, शिक्क्याचे नेमणूक प्रमाणपत्र मिळते. भरतीचे मैदान मारले, लेखी परीक्षा पार पडली, नागपूर किंवा अकोल्यासारख्या प्रशिक्षण विद्यालयात घामही गाळला, तरी कायद्याच्या दृष्टीने पोलिसाचा अधिकार या कागदावर उभा असतो. माणूस दलातून गेला की कागद निरर्थक ठरतो. प्रमाणपत्र, शस्त्र व गणवेश परत करावे लागतात. निलंबनाच्या काळात हा कागद निष्प्रभ राहतो. निलंबित शिपायाला अटक करण्याचा किंवा झडती घेण्याचा अधिकार नसतो, पण दलाची शिस्त त्याच्यावर चालूच असते.

म्हणजे अधिकारपत्र देणारे, शिक्षा करणारे आणि अधिकारपत्र परत घेणारे खाते एकच. या रचनेचे गुणदोष याच एका वस्तुस्थितीतून येतात. शिक्षा लवकर होऊ शकते, कारण विचारायला लांब जावे लागत नाही. ती दडपलीही जाऊ शकते, कारण तेच.

शिक्षांची उतरंड कलम २५ मध्ये आणि १९५६ च्या शिक्षा व अपील नियमांत आहे. खालच्या पायरीवर ताकीद, सेवापुस्तकात नोंदली जाणारी ठपक्याची शिक्षा, जादा कवायत, एक महिन्याच्या पगारापर्यंत दंड आणि वेतनवाढ रोखणे. वरच्या पायरीवर पदावनती, सक्तीची निवृत्ती, सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फी. शेवटच्या दोन शिक्षा एकच वाटतात, पण तशा नाहीत. काढून टाकलेल्या माणसाला पुढे सरकारी नोकरीची दारे कायद्याने बंद होत नाहीत, बडतर्फाला ती सामान्यतः बंद होतात. अमेरिकेतील प्रमाणपत्र रद्द होण्याच्या सर्वांत जवळ जाणारी आपली शिक्षा हीच. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ प्रमाणे नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा अधिकारी ती देऊ शकत नाही आणि आधी चौकशी व्हावी लागते. चौकशी करणे व्यवहार्य नाही असे कारण लेखी नोंदवून ती टाळण्याचा अपवादही त्याच अनुच्छेदात आहे. तो मुंबईतील सहायक पोलीस निरीक्षक सचिन वाझे यांच्या बाबतीत मे २०२१ मध्ये वापरला गेला. निरीक्षकाच्या वरच्या राज्य सेवेतील अधिकाऱ्यांना १९७९ चे नागरी सेवा नियम लागू होतात, भारतीय पोलीस सेवेतल्यांना १९६९ चे.

रोजच्या शिस्तीत मात्र यातले मोठे शब्द क्वचितच ऐकू येतात. शिपाई हजेरीला उशिरा आला, समन्स बजावणी राहिली, कोठडीच्या पहाऱ्यावर डोळा लागला, की ठाणेदार ‘कसुरी’ काढतो, म्हणजे कसूर केल्याचा अहवाल वर पाठवतो. जवानाला साहेबांसमोर ‘ओआर’ला, म्हणजे ऑर्डरली रूमला, उभे केले जाते. टोपी सरळ, पट्टा चकाकता, समोर टेबलावर त्याचा सेवापट उघडलेला. दोन मिनिटांत विचारणा होते, लाल शाईत शेरा पडतो. याच ओआरमध्ये पोलीस आपली गाऱ्हाणीही मांडतात : रजा, बदली, क्वार्टरचे गळके छत. दलाच्या आतल्या शिस्तीसाठी ही पद्धत झटपट आणि बरीच परिणामकारक आहे. गावकऱ्यावर हात उगारल्याचा हिशेब मात्र तिथे क्वचितच निघतो, कारण तो कसुरीत येतच नाही. उशीर ठाणेदाराला दिसतो. थप्पड दिसली तरी ती लिहायची कोणी, हा प्रश्न उरतो.

लोकांना चटकन कळणारी शिक्षा म्हणजे बदली. मोर्चा आला, आमदारांनी आवाज उठवला, पेपरात आले, की ठाणेदाराला नियंत्रण कक्षात किंवा मुख्यालयात ‘अटॅच’ केले जाते. चौकात बातमी पोचते : ‘ठाणेदाराले कंट्रोलले लावलं!’ लोक पांगतात. वास्तविक ही शिक्षा नव्हेच; सेवापटात तिचा डागही राहत नाही. निलंबनही कायद्याने अंतिम शिक्षा म्हणून नव्हे, तर चौकशी होईतो बाजूला बसवण्यासाठी बहुतेक वेळा वापरले जाते. त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो, आधी साधारण अर्ध्या पगाराइतका, तीन महिन्यांनंतर विलंब त्याच्यामुळे झाला नसेल तर वाढीव. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात सांगितले की दोषारोपपत्र दिल्याशिवाय निलंबन तीन महिन्यांपलीकडे लांबवू नये. त्यामुळे मोर्चात ज्याच्या निलंबनाच्या घोषणा दिल्या तो पोळ्याला निलंबित झाला आणि दिवाळीनंतर शेजारच्या तालुक्यात रुजू झाला, असे घडू शकते. त्यात बेकायदा काही नसते.

खरे वजन विभागीय चौकशीला. आधी प्राथमिक चौकशी होते, ग्रामीण भागात बहुधा उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याकडून. तथ्य दिसले तर दोषारोपपत्र, कसूरदाराचे लेखी उत्तर, चौकशी अधिकाऱ्यापुढे साक्षीदार, उलटतपासणी, निष्कर्ष, कारणे दाखवा नोटीस आणि शेवटी अंतिम आदेश. त्यावर वरिष्ठांकडे अपील असते आणि पुढे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. त्याचे एक खंडपीठ नागपुरात आहे. इथे पुरावा फौजदारी खटल्याइतका कडक लागत नाही, शक्यतेचे पारडे जिकडे झुकेल तिकडे निर्णय होतो. म्हणूनच न्यायालयातून सुटलेला पोलीस खात्याच्या चौकशीत दोषी ठरू शकतो.

अडते ते तक्रारदारापाशी. साक्षीची तारीख कापूस वेचणीच्या दिवसांत येते, जिल्ह्याच्या गावाला जाऊन दिवस मोडतो, मजुरी बुडते. समोर कसूरदार साध्या कपड्यांत बसलेला असतो आणि बीट जमादार त्याचा जुना सहकारी. तिसऱ्या तारखेला साक्षीदार म्हणतो, ‘साहेब, माहं आता काही म्हणणं नाही.’ कागदावर चौकशी रीतसर पार पडते. नियमांत खोट शोधणाऱ्यांनी एस. टी. चे वेळापत्रकही पाहावे.

या विषयात ग्रामीण विदर्भाचे नाव देशभर गेले ते देसाईगंज (वडसा) ठाण्यामुळे. हे गाव तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. २६ मार्च १९७२ च्या रात्री, एका तक्रारीच्या निमित्ताने ठाण्यात बोलावलेल्या एका आदिवासी मुलीवर ठाण्याच्या आवारात बलात्कार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणून. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर निदर्शने झाली, आणि १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्कार हा वेगळा, जबर शिक्षेचा गुन्हा ठरला. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर तसे गृहीत धरण्याची तरतूद पुरावा कायद्यात आली. पीडितेचे नाव छापणे गुन्हा झाला तो त्याच दुरुस्तीने. तिचे नाव खटल्यापेक्षा जास्त प्रसिद्ध आहे. या नोंदीत ते दिलेले नाही.

खात्याबाहेरच्या देखरेखीचा मोठा टप्पा म्हणजे प्रकाश सिंह खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा २२ सप्टेंबर २००६ चा निकाल. त्यात राज्य व जिल्हा अशा दोन पातळ्यांवर पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्याचा आदेश होता. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने राज्य पातळीवरचे प्राधिकरण केले, पण जिल्ह्याऐवजी महसूल विभागाची पातळी धरली. परिणाम नकाशावर पाहावा. सिरोंचाहून गडचिरोलीच सुमारे दोनशे किलोमीटर; नागपूर त्याच्याही पुढे. मेळघाटातील धारणीहून अमरावती दीडशेच्या आसपास, तेही घाटातून. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, नियम डावलून अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणे अशा तक्रारी तिथे जातात. शिव्या दिल्या, फिर्याद घेतली नाही, दिवसभर ताटकळत ठेवले, असली रोजची गाऱ्हाणी त्या यादीत सहज बसत नाहीत.

फिर्याद न घेण्यावर वेगळे उपाय आहेत. दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याची माहिती मिळाल्यास गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकाकडे लेखी पाठवता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येते. इथे सगळ्यात मौल्यवान वस्तू म्हणजे पोच. अधीक्षक कार्यालयाच्या आवक टेबलावर अर्जाची दुसरी प्रत पुढे करायची, बाबूने गोल शिक्का मारून तारीख व आवक क्रमांक टाकायचा, आणि ती प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी न्यायची. पोच नसलेला अर्ज पुढे दिला होता असे कोणी मानत नाही. मानवी हक्क आयोगाकडे जायचे तर घटनेपासून एका वर्षाच्या आत जावे लागते, आणि त्या वर्षातले किती महिने ‘बघतो’ या शब्दावर गेले ते पोचेवरच्या तारखेवरून कळते.

लाचेचा प्रकार यातला सर्वांत सोपा, कारण तपास करणारे खाते ठाण्यातले नसते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची परिक्षेत्र कार्यालये नागपूर व अमरावतीत आहेत. १०६४ हा निःशुल्क क्रमांक. तक्रार आली की आधी मागणीची पडताळणी होते, मग दोन पंचांसमोर नोटांचे क्रमांक लिहून त्यांना फिनॉल्फ्थॅलीनची पांढरी भुकटी लावली जाते. तक्रारदाराने नोटा मागितल्याशिवाय द्यायच्या नसतात. चहाच्या टपरीवर किंवा ठाण्यामागच्या बाभळीखाली नोटा हातात गेल्या की ठरलेला इशारा होतो. पकडलेल्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात आणि पाणी गुलाबी होते. ते बाटलीत भरून, लाखेने सील करून, पंचांच्या सह्यांनिशी तपासणीला जाते. वाळूचे घाट, जुगार आणि दारूबंदीच्या जिल्ह्यांतली चोरटी दारू ही इकडची हप्त्याची परिचित ठिकाणे. गडचिरोलीत बंदी १९९३ पासून आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी चांगली की वाईट हा वाद वेगळा, पण जिथे बाटली बेकायदा तिथे खाकीकडे विकण्यासारखे काहीतरी असते, एवढे खरे.

दूरच्या ठाण्यांसाठी न्यायालयांनी काही सवलती आणि काही सक्ती दोन्ही ठेवल्या. २०१६ च्या आदेशाप्रमाणे प्रथम खबर (एफआयआर) २४ तासांत संकेतस्थळावर टाकायची असते, संवेदनशील प्रकरणे सोडून. दळणवळण अवघड असलेल्या भागात ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढू शकते. भामरागड-एटापल्लीकडच्या ठाण्यांना हे लागू पडण्यासारखे आहे. डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाने मात्र प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वारापासून कोठडीपर्यंत कॅमेरे बसवायला सांगितले आणि चित्रण शक्यतो १८ महिने, निदान वर्षभर, जपून ठेवायला. वीज नाही ही सबब चालणार नाही. सौर किंवा पवन ऊर्जेने ती पुरवा, असे निकालातच आहे.

पोलीस पाटील हा या सगळ्यांत वेगळा पडतो. तो १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाखालचा, गावातलाच, मानधनावरचा माणूस. त्याच्यावर कारवाई महसुलाकडून होते, पोलीस अधीक्षकाकडून नाही. गावात काही झाले की ठाण्याला कळवणे त्याचे काम. ठाण्याविरुद्ध काही झाले की गावकरी त्याच्याच ओट्यावर येतात, आणि त्याला उद्या त्याच ठाणेदाराच्या बैठकीला जायचे असते.