‘कोरडं ऊन बाधत नाही’ म्हणे!

“मुंबईसारखा घाम नाही, मग ऊन कसलं बाधतंय?” मुलांकडे अमेरिकेत जाऊन ग्रँड कॅनियन या राष्ट्रीय उद्यानातल्या खोल दरीत उतरायला निघालेल्या घरांत हे कुणीतरी म्हणतंच. घाम येतो; कोरड्या हवेत तो दिसायच्या आत उडून जातो, एवढंच. त्यातून तिथली वाट उलटी: आधी उतार, मग चढ. पोरं सकाळी उड्या मारत उतरतात, आणि खाली जावं तसा पारा चढतो. उन्हाळ्यात सावलीतसुद्धा ४९ अंशांवर जाऊ शकतो. परतीचा चढ नेमका भर दुपारी. म्हणूनच उद्यानवाले उन्हाळ्यात १० ते ४ या वेळेत दरीत चालू नका म्हणतात. नुसतं पाणी ढोसणंही घातक, रक्तातलं सोडियम घटतं. सोबत खारे दाणे, चिवडा हवाच. (आपल्या बॅगांत त्याची वानवा कधी होती म्हणा!)