ग्रुप प्रदर्शन भरवताय? फ्रेमला येण्याआधी हे वाचा

गणपती उठले की बेळगावात शहापूरला आमच्या फ्रेमच्या दुकानात एक प्रश्न हटकून येतो. "आम्ही आठ-दहा जण मिळून चित्रांचं प्रदर्शन लावतोय, फ्रेमला किती दिवस लागतील?" चाळीस फ्रेम असतील तर बारा ते पंधरा दिवस, हे आम्ही उभ्या उभ्या सांगतो. पण त्यासाठी तुमच्या हातात एक कागद लागतो, आणि दहातले आठ ग्रुप तो कागद न घेताच येतात. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून हे पत्रक छापलं. चित्र कसं काढायचं हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं कळतं. चित्र पुरं झाल्यापासून ते भिंतीवर चढेपर्यंत काय काय घडतं, तेवढंच इथं आहे.

तो कागद म्हणजे यादी

यादी आणतात, नाही असं नाही. पण तिच्यात चित्राचं माप असतं, फ्रेमचं नसतं. सगळा घोळ इथंच सुरू होतो.

जलरंगवाल्यांचा नेहमीचा क्वार्टर कागद घ्या, 11 बाय 15 इंच. चारी बाजूंनी अडीच इंच माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा, सोडला की झाला 16 बाय 20. त्यावर फ्रेमची एक इंचाची पट्टी. म्हणजे भिंतीवर जाताना ते चित्र जवळपास 18 बाय 22 होतं. आता समजा तुमची भिंत 30 फुटांची, म्हणजे 360 इंच. यादीत आडवी 14 चित्रं, प्रत्येकी 15 इंच रुंद. हिशेब केला तर 210 इंच चित्रांत जातात, उरलेले 150 इंच पंधरा मोकळ्या जागांत वाटले की दोन चित्रांत 10 इंच अंतर. कागदावर झकास बसतं. प्रत्यक्षात चित्र 22 इंचांचं झालेलं असतं. 308 इंच तिथंच संपले, उरले 52. दोन फ्रेममध्ये साडेतीन इंच. प्रदर्शन राहतं बाजूला, आमच्या दुकानाची भिंत दिसायला लागते. त्याच भिंतीवर 10 चित्रं लावली तर मधे पावणेतेरा इंच मिळतात आणि प्रत्येक चित्राला श्वास घ्यायला जागा राहते.

दोन वर्षांमागं एका ग्रुपचं असंच झालं. आठ जण, प्रत्येकाची पाच, एकूण चाळीस चित्रं. कुणी खानापूरचं, कुणी निपाणीचं, एकमेकांची चित्रं कुणी मांडून पाहिलेली नाहीत. उद्घाटन सकाळी दहाला, आणि आदल्या रात्री साडेनऊला कळलं की भिंतींवर एकोणतीसच बसतात. मग अकरा कुणाची काढायची? ज्येष्ठांची काढायची पंचाईत, नव्यांची काढली तर ती रुसणार. आमची दोन पोरं हातोडी घेऊन दीड तास नुसती उभी. शेवटी एका ताईंनी स्वतःची तीन उतरवली, तेव्हा गाडी पुढं सरकली. त्या रात्री दुकानाचं कुलूप लावलं तेव्हा दीड वाजला होता. पैसे सगळे मिळाले, पण तसली रात्र पुन्हा नको.

म्हणून आमची विनंती: आधी भिंत मोजा, मग चित्रं निवडा. भिंतीची नुसती लांबी पुरत नाही. दार, खिडकी, खांब, स्विचबोर्ड, एसी कुठं आहे तेही मोजून आणा. हॉलच्या माणसाला विचारा की खिळा ठोकायला परवानगी आहे का, की वरच्या पट्टीवरून तार किंवा तंगूस सोडून लावायचं. टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघातलं के. बी. कुलकर्णी कलादालन चित्रांसाठीच आहे. पण मंगल कार्यालयात, शाळेच्या सभागृहात लावणार असाल तर एकदा जाऊन बघाच. फोनवर "मोठा हॉल आहे ओ" असं सगळेच सांगतात. भिंती कमी पडत असतील तर आमच्याकडं उभे पॅनेल भाड्यानं मिळतात, दोन्ही बाजूंनी चित्रं लागतात.

मापं आणलीत तर आलेखाच्या कागदावर एका फुटाला एक सेंटिमीटर धरून आम्ही भिंत आखून देतो. फ्रेम आमच्याकडं करणार असाल तर त्याचे पैसे घेत नाही.

आडवं की उभं?

यादीतली दुसरी गंमत. "24 बाय 36" लिहिलं की एकाच्या डोळ्यांसमोर राजहंसगडाचा आडवा देखावा येतो, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर आजीचं उभं व्यक्तिचित्र. आमच्याकडं उंची आधी, रुंदी नंतर. कुणी उलट लिहीत असेल तर त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही, पण यादीवर चित्रापुढं 'आडवं' किंवा 'उभं' हा शब्द लिहाच. "फ्रेम फिरवली की झालं की, त्यात काय!" असं म्हणणारे भेटतात. होत नाही. माउंटला खालच्या बाजूला अर्धा इंच जास्त सोडलेला असतो, चित्र खाली घसरल्यासारखं दिसू नये म्हणून. फिरवल्यावर तो अर्धा इंच एका कडेला येतो आणि चित्र कललेलं वाटतं. शिवाय मागचे हुक आणि तारही त्याच दिशेनं बसवलेली असते. म्हणजे पाठ उघडा, माउंट नवा कापा.

यादी पक्की झाल्यावर आम्ही तिच्यावर ग्रुपमधल्या एकाची सही घेतो. काहींना हे जरा सरकारी वाटतं. पण पट्टी एकदा पंचेचाळीस अंशात कापली की ती परत जोडता येत नाही. लहान फ्रेमला कदाचित वापरता येईल, मोठीला कधीच नाही. त्यामुळं सही झाल्यावर बदल केला तर पट्टीचे पैसे लागतात, आणि कापायला घेण्याआधी निम्मी रक्कम आगाऊ लागते. दहा जणांनी दहा फोन करायचे नाहीत, हीही अट आहे. ग्रुपनं एक माणूस नेमावा, तो बोलेल ते शेवटचं.

पट्टीबद्दल आमचं मत विचाराल तर सगळ्यांनी एकच घ्यावी. काळी किंवा साध्या लाकडी रंगाची, बारीक. आठ जणांच्या आठ शैली असतात, त्यावर आठ तऱ्हेच्या सोनेरी नक्षीच्या पट्ट्या आल्या की बघणारा फ्रेमच बघत बसतो. नक्षीची पट्टी आमच्याकडं भरपूर आहे आणि ती महागही आहे, तरी हे सांगतोय. दुसरं, एकाच लॉटमधली घेतली तर रंग जुळतो. आठवड्यानं "अजून चार करा" म्हणून आलात तर त्याच नंबरच्या पट्टीची छटा थोडी वेगळी निघू शकते.

ओलं चित्र, दमट कागद

तैलरंगाला वरून साय धरते, पण आत तो ओलाच असतो. बोट लावून "वाळलंय" म्हणू नका. पॅलेट नाइफनं जाड रंग थापला असेल तर आठवडे नव्हे, महिने जातात. अशा कॅनव्हासची कड फ्रेमच्या खाचेला चिकटते आणि काढताना रंग सोलून येतो. ओलं चित्र आम्ही परत पाठवतो, तेव्हा रागावू नका. व्हार्निश तर सहा महिने ते वर्षभर थांबूनच.

कागदावरच्या चित्रांचा शत्रू म्हणजे आपला पाऊस. जून ते सप्टेंबर बेळगावात भिंतीसुद्धा घाम फोडतात. दमट कागद काचेमागं बंद केला की तो फुगून लाटा येतात, पुढं बुरशीचे ठिपके धरतात. जलरंग काचेला टेकू नये म्हणून माउंट लागतो, नुसत्या शोभेसाठी नाही. "माउंट काढा, तेवढेच पैसे वाचतील" म्हणणाऱ्यांना आम्ही हेच सांगतो. पावसात आलेली चित्रं दोन दिवस बल्बच्या उबेला ठेवून मगच आम्ही पाठ बंद करतो. ते दोन दिवस वर सांगितलेल्या पंधरात धरलेले नाहीत.

काच की ॲक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची शीट? इथंच लावायचं असेल तर काच. कोल्हापूरला शाहू स्मारकला किंवा चोर्ला घाटातून पणजीला न्यायचं असेल तर ॲक्रिलिक घ्या. वजन काचेच्या निम्म्याहून कमी, आणि फुटून चित्राला चिरा पडत नाहीत. मात्र कोरड्या फडक्यानं पुसू नका, चरे पडतात. आणि पेस्टल किंवा कोळशाचं चित्र असेल तर काचच घ्या. ॲक्रिलिकला घासलं की वीज धरते आणि ती भुकटी ओढून घेते. चेहऱ्यावरची छटा शीटवर जाऊन बसलेली आम्ही बघितली आहे.

लावायचा दिवस

आपल्याकडं देवाचे फोटो दाराच्या चौकटीवर लावायची सवय, म्हणून चित्रंही उंच जातात आणि पाहुणे माना वर करून फिरतात. चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर हवा. आम्ही 58 धरतो. चित्र 18 इंच उंच असेल तर निम्मे 9 मिळवा, तार ताणल्यावर तिचं टोक फ्रेमच्या वरच्या कडेपासून जितकं खाली येतं तितकं वजा करा. समजा 2 इंच. म्हणजे खिळा 65 इंचांवर. सगळ्या चित्रांचे मध्य एका सुतात ठेवा. वरच्या कडा जुळवायला गेलात की लहान-मोठ्या चित्रांत ओळ विस्कटते. दिवा समोरून नको, वरून साधारण 30 अंशांत सोडा, नाहीतर काचेत बघणाऱ्याचंच तोंड दिसतं.

नावाच्या चिठ्ठ्या आधी टाइप करून आणा, मराठीसोबत कन्नडमध्येही. बघायला येणारे दोन्हीकडचे असतात आणि विकत घेणारेही. रस्त्यावर बॅनर लावायचा असेल तर महानगरपालिकेची परवानगी वेळेत काढा. तारीख ठरवताना 1 नोव्हेंबर सोडा, राज्योत्सव आणि काळा दिवस एकाच दिवशी असतात, त्या दिवशी शहरात कुणी चित्रं बघायला बाहेर पडत नाही. सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असेल तो आठवडाही सोडा. पाहुण्यांना लॉज मिळत नाही आणि हायवेवर कधी कुठं अडवतील सांगता येत नाही.

लावायला आमची दोन माणसं पाठवतो, लेव्हल, ड्रिल, शिडी आमची. चाळीस चित्रांना चार तास, यादी बरोबर असेल तर.

प्रदर्शन संपल्यावर चित्रं त्याच दिवशी उतरवून न्या. न विकलेली "चार दिवस दुकानात ठेवा" म्हणून सोडून जाऊ नका, आमचा माळा भरलाय. मागच्या दिवाळीपासून तिथं काळ्या पट्टीतली दोन जलरंग पडून आहेत, एक आडवं, एक उभं, सही वाचता येत नाही. ज्यांची असतील त्यांनी येऊन न्यावीत, पैसे कधीच मिळालेत.