पार्श्वभूमी: आल्स्टचा कार्निव्हल युनेस्कोच्या वारसा यादीबाहेर कसा गेला

युरोपात ऋतूंच्या मागोमाग उत्सव पाहत हिंडायचं, तर सुरुवात थंडी सरताना होते. हंगेरीत मोहाचला मेंढीची कातडी पांघरलेले, लाकडी मुखवट्यांचे बुशो हिवाळ्याला हुसकावतात. मार्चमध्ये व्हॅलेन्सियात प्रचंड पुतळे जाळले जातात, जूनमध्ये लाटव्हियात रात्रभर शेकोट्या पेटतात, सप्टेंबरात म्युनिकच्या बिअर-उत्सवाचे तंबू उभे राहतात.

हे सगळं फार प्राचीन, असं प्रवाशाला हमखास ऐकायला मिळतं. पण म्युनिकचा उत्सव १८१० मधल्या एका राजघराण्याच्या लग्नातून निघाला, आणि व्हेनिसच्या कार्निव्हलचं आजचं रूप १९८० च्या सुमारास नव्याने उभं राहिलं. स्वीडनने तर १९५३ मध्ये मध्यग्रीष्माचा सण सरळ आठवड्याच्या शेवटी नेला.

परंपरा कशाला म्हणायचं, हा प्रश्न खरा तापला तो युनेस्कोच्या २००३ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर. सण, कला, रूढी अशा अमूर्त वारशाची जागतिक यादी तयार झाली. बेल्जियममधल्या आल्स्टचा तीन दिवसांचा कार्निव्हल २०१० मध्ये तिच्यात आला. सत्ताधाऱ्यांची, धर्माची, कुणाचीही टर उडवायची, हीच त्याची ओळख. २०१३ मध्ये नाझी गणवेशातल्या मंडळींचा चित्ररथ निघाला, तेव्हा निषेध झाला, पण नाव यादीत राहिलं. मार्च २०१९ मध्ये वाकड्या नाकाच्या, पैशांच्या थैल्यांवर बसलेल्या ज्यूंच्या भल्यामोठ्या प्रतिमा मिरवल्या गेल्या. सोबत उंदीर. चित्ररथ करणाऱ्यांचं म्हणणं, आम्ही महागाईवर बोलत होतो.

हा खुलासा पटत नाही. आल्स्ट ज्या भागात आहे त्याच फ्लँडर्समध्ये, मेखेलेन शहरातल्या बराकींतून, दुसऱ्या महायुद्धात २५ हजारांहून अधिक माणसं आगगाड्यांत कोंबून नाझी छावण्यांकडे पाठवली गेली. त्यांत बहुतेक ज्यू होते. नेमकी अशीच चित्रं तेव्हाच्या नाझी प्रचारात वापरली जात होती. कराराच्या व्याख्येतही मानवी हक्कांशी आणि समाजांमधल्या परस्पर आदराशी सुसंगत असेल तोच वारसा धरला आहे. ही अट नंतर कुणी घुसडलेली नाही.

यादीतून नाव काढलं की शहरानेच सोडलं, यावर अजून वाद घातला जातो. डिसेंबरच्या सुरुवातीला शहराने आपण बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. १३ डिसेंबर २०१९ ला बोगोटा इथल्या बैठकीत युनेस्कोच्या समितीने नाव वगळलं. यादीच्या इतिहासात असं प्रथमच घडलं. शहराच्या मते हा उपहासाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता. पण समितीने मिरवणुकीवर बंदी घातलेलीच नव्हती. फक्त जगाच्या नावाने दिलेला मान परत घेतला. फेब्रुवारी २०२० मध्ये कार्निव्हल झाला आणि त्यात ज्यूंची तशीच विद्रूप सोंगं पुन्हा निघाली.

परंपरा आतूनही बदलते. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर, लर्विक गावातल्या जानेवारीतल्या मशालींच्या मिरवणुकीत, पथकं पिढ्यान् पिढ्या फक्त पुरुषांचीच असत. स्थानिक लोकांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली आणि २०२३ पासून हे बंधन उठलं. मिरवणुकीतलं गलबत आजही त्याच रात्री जाळतात.