रासायनिक शेती : सोलापूरची माती आणि माणसे

सोलापूर जिल्ह्यात रासायनिक शेतीचे परिणाम पाण्यापासून वेगळे काढून सांगता येत नाहीत. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी आजही जमिनीतल्या ओलीवर पिकते आणि तिला खत फार लागत नाही. १९८० मध्ये भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले, पाटाखाली ऊस आला आणि उसामागून युरियाची पोती आली.

काळी जमीन चिकण असते, तिचा निचरा मंद असतो. मोकाट पाणी दिले की पाणीपातळी वर चढते, पाणी उडून जाते आणि क्षार वर साचतात. बांधाकडेला पांढरा थर दिसू लागला की लोक ‘मीठ फुटलं’ म्हणतात. मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम साधारण १५ टक्क्यांपुढे गेले की जमीन चोपण होते, म्हणजे पावसात चिखल आणि उन्हात दगड. सगळा दोष खतावर टाकणे सोपे आहे, पण मूळ कारण पाणी. खतातले क्षार त्यात भर घालतात.

खताची खरी उधळपट्टी दुसरीकडेच होते. इथल्या चुनखडीच्या जमिनीत डीएपी खतामधले स्फुरद (फॉस्फरस) चुन्याशी बांधले जाते, लोह आणि जस्तही पिकाला मिळत नाही. कोवळी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, याला केवडा म्हणतात. कमतरता लोहाची असते आणि रानात पडतो युरिया. त्यात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असते. वरवर फेकले तर त्यातले काही अमोनिया होऊन हवेत जाते, काही नायट्रेट होऊन विहिरीत उतरते. उसाचे पाचट जाळल्यामुळे मातीतला सेंद्रिय कर्बही घटतो, तो वेगळाच.

सांगोल्याच्या डाळिंब पट्ट्यात प्रश्न फवारणीचा आहे. तेल्या हा जिवाणूजन्य रोग. कीटकनाशक कितीही फवारले तरी जिवाणू त्याला दाद देत नाही. तरी ढगाळ हवा आली की टाकीत दोन-तीन औषधे एकत्र पडतात, काठी नसली तर हातानेच ढवळली जातात. पाठीवरचा पंप गळतो, सदरा भिजतो आणि विष कातडीतून आत जाते. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली औषधे कोलिनेस्टरेज हे शरीरातले विकर (एन्झाइम) बंद पाडतात. मग लाळ आणि घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास अडतो. अशा वेळी दवाखान्यात उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन देतात. फवारलेल्या औषधाचा डबा सोबत नेला तर डॉक्टरांचा वेळ वाचतो.

नायट्रेटचा धोका सर्वाधिक तान्ह्या बाळांना, विशेषतः वरचे दूध विहिरीच्या पाण्यात कालवले जाते तेव्हा. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळसर पडते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढतच जाते.