पाच सुरांत सोलो का जमतो?

गिटारवर सोलो वाजवायची हौस दाखवली की बहुतेक शिक्षक एकच गोष्ट पुढे करतात: ए मायनर पेंटाटॉनिक, म्हणजे पाच सुरांचं स्केल (स्वरमाला), पाचव्या फ्रेटपासून. फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्ट्या. सगळ्यात जाड तारेवर पाचवा आणि आठवा फ्रेट, पुढच्या तीन तारांवर पाचवा-सातवा, उरलेल्या दोन बारीक तारांवर पुन्हा पाचवा-आठवा. जागा बारा, सूर मात्र पाचच: ए, सी, डी, ई, जी. आपल्याकडचा धानी राग आठवा: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. ए हा सा मानला तर सूर तेच, फक्त राग म्हणजे नुसती स्वरांची यादी नव्हे, आणि सोलोचंही तसंच आहे.

मागे ए मायनर कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) चालू ठेवून या पाचांतला कुठलाही सूर छेडला तरी तो खुपत नाही. याचं कारण वगळलेल्या सुरांत आहे. पूर्ण मायनर स्केलमध्ये सात सूर असतात. त्यातले बी आणि एफ इथे गाळले आहेत. ए मायनर कॉर्ड बनते ए, सी आणि ई यांची. बी हा सीला खेटून, एफ हा ईला खेटून. दोन्हीकडे अंतर एका फ्रेटचं. म्हणजे नेमके धक्का देणारे दोघेच बाहेर काढले आहेत.

धक्का बसतो तो कसा? एक फ्रेट पुढे गेलं की कंपनसंख्या सुमारे 5.9 टक्क्यांनी वाढते, आणि बाराव्या फ्रेटला ती दुप्पट होते. मधल्या सप्तकातला ई सेकंदाला सुमारे 330 वेळा कंप पावतो, एफ 349 वेळा. दोन्ही एकत्र वाजले की आवाज सेकंदाला एकोणीस-वीस वेळा चढतो-उतरतो. अंतर्कर्णात या दोन सुरांच्या जागा इतक्या जवळ असतात की कान त्यांना नीट सुटं करू शकत नाही, आणि आपल्याला खरखर ऐकू येते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1863 साली सुरांच्या मेळाचा संबंध या आंदोलनांशी जोडला. 1965 मध्ये प्लॉम्प आणि लेवेल्ट या संशोधकांनी प्रयोगांनी ती कल्पना आणखी नेमकी केली. अर्थात खरखर म्हणजे चूक नव्हे. जॅझवाले ती मुद्दाम वापरतात.

पण न खुपणारं सगळं ऐकावंसं वाटतंच असं नाही. स्केल नुसतं वर-खाली वाजवलं तर तो रियाज वाटतो, सोलो नाही. खरी गंमत कॉर्ड बदलताना आहे. ए मायनर, एफ, सी, जी अशी चाल घ्या आणि ए हाच सूर धरून ठेवा. पहिल्या कॉर्डवर तो घरचा, एफवर त्या कॉर्डचा गंधार म्हणून गोड लागतो. सीवर आणि जीवर मात्र तो कॉर्डच्या बाहेरचा. जी कॉर्डवर तर दोन फ्रेट खाली, जी या सुरावर उतरावंसं वाटतं. बोट तिथेच, तार तीच, अर्थ बदलला. म्हणून माझ्या मते नवं स्केल शिकण्याआधी प्रत्येक कॉर्डवर न्यास कुठे करायचा, म्हणजे कुठल्या सुरावर थांबायचं, एवढंच महिनाभर घोटावं.

त्यासाठी बोटांची वाट आधी अंगवळणी पडायला हवी, म्हणजे वाजवताना बोटांवर पहारा ठेवावा लागत नाही. 2008 मध्ये चार्ल्स लिम्ब आणि ॲलन ब्रॉन या संशोधकांनी सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात छोट्या कीबोर्डवर वाजवायला लावलं. उत्स्फूर्त वादनात, पाठ केलेल्या वादनाच्या तुलनेत, स्वतःवर पहारा ठेवण्याशी जोडला जाणारा मेंदूच्या पुढच्या भागाचा बाहेरचा पट्टा शांत झाला, तर मधला भाग अधिक सक्रिय झाला. माणसं सहाच, वाद्यही वेगळं, तेव्हा यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत.

फ्रेटच्या मधले सूर मात्र कानावरच सोडावे लागतात. तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट म्हणजे डी. तार ढकलून तो ईपर्यंत न्यायचा तर ताण सुमारे सव्वापट करावा लागतो, कारण कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. किती ढकलायचं हे फ्रेट सांगत नाही. आधी त्याच तारेवर नवव्या फ्रेटचा ई वाजवून घ्यायचा, मग सातव्यावर येऊन तार ताणायची आणि दोन्ही जुळतात का ते ऐकायचं. सुरुवातीला बहुतेकांचा सूर थोडा खालीच राहतो.